सांगायचं ते ‘ठरलं’, तिथंच अडलं

पत्राचा गोषवारा

सात महिन्यांच्या मुलीच्या आईचं हे पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

एका दुपारी त्या आंघोळीला गेल्या होत्या आणि बाळ सासूबाईंकडे होतं. धप्पकन आवाज झाला, पाठोपाठ बाळाचा आक्रोश ऐकू आला. त्या धावत बाहेर आल्या, तर सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर बसलेल्या आणि बाळ त्यांच्या मांडीवर. बाळ उजवा पाय हलवेना. ‘हिला घेऊन पाय घसरला,’ एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि हात जोडून विनवू लागल्या, की माझं नाव घेऊ नका. दवाखान्यात जाताना गाडीतच ‘बाळ पलंगावरून पडलं असं सांगायचं ठरलं.’ तपासणीत मांडीचं हाड मोडल्याचं निघालं. पलंगावरून पडून हे हाड असं मोडत नाही, असं म्हणत डॉक्टरांनी एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) केली. पोलिसांनी नवरा-बायकोचे जबाब घेतले. एकानं बाळ झोपलं होतं म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं खेळत होतं म्हणून. बाळाच्या सगळ्या अंगाचे एक्स-रे काढायला नवऱ्यानं नकार दिला. बाळ प्लास्टर घालून अजून दवाखान्यातच आहे. सुटल्यावर ते कुणाकडे द्यायचं, हे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी बाल कल्याण समिती चार दिवसांनी ठरवणार आहे. चुलत सासरे म्हणतात, वकील केला तर लोक म्हणतील ‘खाई त्याला खवखवे’. आणि करायचाच असेल तर त्यांच्या ओळखीचा एक आहे, तो सगळ्यांचं एकाच वकीलपत्रात भागवेल.

‘आम्ही कुणीही बाळाला मारलेलं नाही,’ त्या लिहितात. ‘मग वकील कशाला? आणि केला, तर आम्हीच दोषी दिसणार नाही का? दिलेला जबाब आता बदलता येतो का? सासूबाई बोलेनाशा झाल्यात. कोपराला खरचटलंय, ते दिसू नये म्हणून एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून बसतात.’

उत्तर

ताई, सदराचा दिवस अजून लांब आहे, पण समितीची तारीख त्यासाठी थांबणार नाही, म्हणून आजच लिहितेय. आधी तुमच्या थेट प्रश्नाचं थेट उत्तर. हो, वकील करा, आणि आजच करा. पण चुलत सासऱ्यांच्या ओळखीतला नको, आणि सगळ्यांना मिळून एक तर मुळीच नको. का, ते सांगते. थोडं लांबेल.

तुमचं पत्र वाचताना मी एका शब्दाशी थांबले. ‘पलंगावरून पडलं असं सांगायचं ठरलं.’ कुणी ठरवलं? ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे. ‘ठरलं’ म्हटलं की ठरवणारा गायब होतो. लग्नं अशीच ठरतात, भांडणंही अशीच मिटतात. पोलिसांच्या जबाबात मात्र ही सोय नाही. तिथं नाव, वय, धंदा, राहणार, असं एकेका माणसाचं लिहून घेतात आणि त्याखाली त्या एकट्याचं म्हणणं येतं. गाडीत जे सगळ्यांचं मिळून ‘ठरलं’, ते आता कागदावर तुमचं एकटीचं झालंय. आणि तुम्ही तर त्या वेळी आंघोळीला होतात. तुम्ही काहीच पडताना पाहिलेलं नाही, ना पलंगावरून, ना जिन्यावरून.

‘आम्ही मारलेलं नाही, मग आम्हालाच गुन्हेगारासारखं का वागवताहेत’ या तुमच्या संतापाबद्दल बोलते. तो खरा आहे, आणि मी तो अनेक आईबापांच्या तोंडून ऐकलाय. वकिलीतली काही वर्षं माझी समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर गेली आहेत. त्या बाकावर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा राग डॉक्टरवर असतो. पण डॉक्टरच्या खुर्चीत बसून बघा. १९४६ मध्ये अमेरिकेत जॉन कॅफी नावाच्या क्ष-किरणतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की डोक्यात रक्तस्राव झालेल्या काही तान्ह्या मुलांच्या हातापायांची हाडंही मोडलेली असतात आणि ती कशी मोडली ते घरच्यांना सांगता येत नाही. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मार खाल्लेलं मूल’ असं त्याला उघड नाव दिलं. तोवर वैद्यकशास्त्रानं आईबापांवर सरसकट विश्वास टाकला होता आणि त्याची किंमत मुलांनी मोजली होती. तेव्हापासून बालरोगतज्ज्ञांना तीन गोष्टी तपासायला शिकवतात. मूल स्वतः हालचाल करून अशी दुखापत होण्याच्या वयाचं आहे का? सांगितलेली हकीकत जखमेशी जुळते का? आणि ती हकीकत माणसागणिक बदलते का? न चालणाऱ्या बाळाच्या मांडीचं हाड मोडणं ही पहिली खूण झाली, ती तुमच्या हातात नव्हती. उरलेल्या दोन खुणा तुमच्या घरानं आपण होऊन पुरवल्या.

एमएलसी म्हणजे आरोपपत्र नव्हे. दुखापतीमागे गुन्हा असू शकतो अशी शंका आली, तर डॉक्टरांनी ती नोंदवून पोलिसांना कळवायचं असतं. त्या डॉक्टरांनी तुमच्या मुलीसाठी जे करायला हवं तेच केलं. त्यांची शंका योग्य होती, कारण तुम्ही सांगितलेली गोष्ट खोटीच होती.

आणि आता सगळ्यात मोठा उलटा प्रकार बघा. घरातल्या फूट-दीड फूट उंचीच्या पलंगावरून पडून बाळाच्या मांडीचं हाड मोडणं विरळा आहे. मात्र मोठं माणूस बाळाला कडेवर घेऊन जिन्यावरून घसरलं, त्या माणसाचं वजन बाळावर आलं किंवा बाळाचा पाय खाली पिळला गेला, तर मांडीचं हाड मोडू शकतं. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला माहीत आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीचं हाड नेमकं कशानं मोडलं, हे एक्स-रे पाहून लहान मुलांचा अस्थितज्ज्ञच सांगू शकेल. पण सासूबाईंना वाचवायला तुम्ही जी गोष्ट पुढे केलीत ती जखमेशी जुळत नाही, आणि जी लपवलीत तीच कदाचित जुळते. सासूबाईंना तर तुम्ही वाचवलं नाहीच, वर स्वतःलाही संशयात ओढलंत.

सासूबाईंची भीती मला कळते. ‘नातीचा पाय आजीनं मोडला’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत असणार. त्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं, की अपघात हा गुन्हा नसतो. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १८ नेमकं तेच म्हणतं. कायदेशीर काम योग्य ती काळजी घेऊन करताना, वाईट हेतू नसताना अपघात घडला, तर तो गुन्हा ठरत नाही. मुलांवरच्या क्रौर्याबद्दल बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ लावतात. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण ते मारहाण, छळ, टाकून देणं, जाणूनबुजून हेळसांड यांच्यासाठी आहे, पाय घसरण्यासाठी नाही. निष्काळजीपणाचं कलम वेगळं आहे आणि ते लावण्याचा प्रयत्न होऊ शकतो, हे खोटं सांगणार नाही. पण तो मुद्दा वकील हाताळेल. उलट खोटी माहिती देऊन कुणाला पाठीशी घालणं, पुरावा नाहीसा करणं हा संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. म्हणजे मूळ घटना साधा अपघात ठरली नाही, तर ती झाकणंही वेगळं अंगाशी येऊ शकतं.

आता वकिलाचं. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण चहाच्या टपरीवर ठीक आहे. राज्यघटनेच्या कलम २२ नं अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क दिलाय आणि त्यात ‘दोषी असल्यास’ असं कुठंही लिहिलेलं नाही. माझ्या अनुभवात तपासी अंमलदारांनाही वकील असलेल्या घरांचं वावडं नसतं. एक निरोप दिला की कागद वेळेवर येतात, तारखेला माणसं हजर राहतात. वावडं असतं ते ‘वरून फोन’ करणाऱ्यांचं. तुमच्याकडे अजून कुणी ‘देऊन मिटवू’ म्हटलेलं नसेल, तर लवकरच म्हणेल. २०१८ पासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, एवढं त्याला ऐकवा आणि चहा पाजून वाटेला लावा.

तुम्हाला वाटतं वकील म्हणजे कोर्टात आपली बाजू ‘लढवणारा’. तुमच्या परिस्थितीत त्याचं पहिलं काम वेगळं आहे. त्याच्याशी तुम्ही बंद दाराआड सगळं खरं बोलू शकता. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, कलम १३२ त्या बोलण्याला संरक्षण देतं. तुमच्या परवानगीशिवाय वकील ते कुणाला सांगू शकत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. खोटं रचायला मदत मागितली, तर ते संरक्षण उरत नाही. (ओघानं आलं म्हणून सांगते. मला पुन्हा पत्र लिहू नका. हे सदर म्हणजे वकीलपत्र नव्हे, मला लिहिलेलं गोपनीय ठरत नाही. आणि शेजारणीला, नणंदेला, दवाखान्यातल्या नर्सला सांगितलेलंही नाही.)

एकच वकील सगळ्यांना का नको? कारण तुमचं आणि सासूबाईंचं हित आज एका रेषेत नाही. खरं बाहेर आलं की त्यांना स्पष्टीकरण द्यावं लागेल. नाही आलं तर तुम्हाला. एकच वकील दोघींचा असेल, तर एकीला चांगला सल्ला देताना तो दुसरीचं नुकसान करतो. मग असा वकील सहसा सोपा मार्ग काढतो. ‘सगळ्यांनी एकच बोला.’ म्हणजे पुन्हा गाडीतलं ‘ठरलं’. तुम्हाला वेगळा वकील हवा, सासूबाईंना वेगळा. तुम्ही आणि तुमचे यजमान एका वकिलाकडे जाऊ शकता का, हे त्या वकिलालाच ठरवू द्या. चांगला असेल तर तो दोघांना आधी वेगवेगळं भेटेल. ‘तुमच्यात बेबनाव आहे का’ असं घरात कुणी विचारेल. नाही म्हणा, हे बेबनावाचं नाही, जबाबदारीचं आहे.

पैशांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वाचणाऱ्या कितीजणींचं पाऊल तिथंच अडतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुम्हालाही मिळेल, सासूबाईंनाही. मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही तो हक्क आहे. बाकी बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. साधा अर्ज, ओळखपत्र, आणि पोलिसांचा किंवा समितीचा असेल तो कागद. १५१०० या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. फुकटचा वकील म्हणजे कच्चा, असा समज आहे. फी घेऊन तारखेला न येणारेही मी पुष्कळ पाहिलेत.

कुठलाही वकील निवडताना त्याला तीन गोष्टी विचारा. बाल कल्याण समितीपुढची प्रकरणं पूर्वी पाहिलीत का? दवाखान्याचे कागद स्वतः वाचता की ‘ते डॉक्टर बघतील’ म्हणता? दुसरं वैद्यकीय मत घ्यायचं झालं तर कुणाकडे पाठवाल? आणि बोलता बोलता ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ असं तो म्हणाला, तर नमस्कार करून उठा.

जबाब बदलता येतो का? येतो. त्याला पुरवणी जबाब म्हणतात. पोलिसांपुढचा जबाब शपथेवरचा नसतो आणि कायद्यानं त्यावर सही घ्यायचीही नसते. तुमची घेतली असेल तर त्यानं जगबुडी झालेली नाही. पण कृपा करून हे वाचून उठून थेट पोलीस ठाण्यात जाऊ नका. आधी वकील, मग पुरवणी जबाब. कुणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं, की आधी अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा, हा क्रम त्याला ठरवू द्या. आरोपी म्हणून नाव आलं असेल, तर स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावरच नाही, हेही तो बघेल. तुमचा स्वतःचा पुरवणी जबाब अगदी छोटा असेल. मी आंघोळीला होते. आवाज ऐकला. बाहेर आले तेव्हा अमुक दिसलं. सासूबाई अमुक म्हणाल्या. आधी पलंगाचं सांगितलं ते घाबरून, आणि ते खरं नव्हतं. बस. जिन्यावर काय झालं हे तुम्ही सांगायचं नाही, कारण तुम्ही ते पाहिलेलं नाही. ते सांगायचा हक्क आणि जबाबदारी सासूबाईंची. स्त्रीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी यावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम १७९. सासूबाईंना ठाण्याच्या पायऱ्यांची धास्ती असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा.

अटकेची भीती तुम्ही चार वेळा लिहिलीय. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, कारणं लिहा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात पोलिसांना बजावलं आहे. गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन बोलावतात, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही. म्हणून नोटीस आली की घर बंद करून गावाला पळायचं नाही. झालीच अटक, तर कारण कळवावं लागतं, नातेवाइकाला सांगावं लागतं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करायची नाही, अपवादात्मक परिस्थिती सोडून.

तुमच्या यजमानांनी सगळ्या अंगाचे एक्स-रे नाकारले. त्यांना वाटलं असेल, की आणखी काही शोधून काढतील आणि आपल्यावर ढकलतील. ताई, तुम्ही म्हणता तसं काहीच झालेलं नसेल, तर हे एक्स-रे तुमच्याच बाजूचे साक्षीदार आहेत. जुनी, भरत आलेली दुसरी मोड नाही, हे दुसरं कोण सांगणार? हाड भरू लागल्याच्या खुणा आठवडा-दोन आठवड्यांत दिसू लागतात, म्हणून डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगतील, तेव्हाही हो म्हणा. सोबत रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व यांची तपासणी होईल का, ते विचारा. मुडदूस किंवा जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार असेल तर हाडं थोड्या धक्क्यानंही मोडतात. तुमच्या किंवा यजमानांच्या घरात वारंवार हाडं मोडणारं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असणारं कुणी असेल, तर डॉक्टरांना सांगा. पण पुतण्यानं मोबाइलवर धाडलेल्या लेखांवरून घरीच निदान करून ते समितीपुढे मांडू नका. आणि पाठीवरच्या, कमरेवरच्या जन्मजात निळसर डागांचे फोटो बाळाच्या जुन्या अल्बममध्ये असतील तर जपून ठेवा. आपल्याकडच्या बाळांना ते सर्रास असतात आणि घाईत कुणी त्यांना मुक्कामार समजू शकतं.

डॉक्टर चुकत नाहीत असं नाही. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये सॅली क्लार्क या आईला दोन बाळांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. ती स्वतः वकील होती. एका नामवंत बालरोगतज्ज्ञानं कोर्टात सांगितलं होतं, की अशा घरात दोन नैसर्गिक पाळणामृत्यू (बाळ झोपेतच अचानक दगावणं) होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. गणितच चुकीचं होतं. पण २००३ मध्ये ती सुटली ती मुख्यतः एका कागदामुळे. एका बाळाच्या जंतुतपासणीचा अहवाल बचाव पक्षाला कधी दाखवलाच गेला नव्हता. म्हणून भांडू नका, कागद मागा. केसपेपर, नर्सच्या नोंदी, एक्स-रे अहवाल आणि शक्य असेल तर सीडी. रुग्णाचे कागद लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. अर्जाची पोच घ्या. दुसरं मत घ्यायचं तर लहान मुलांच्या अस्थितज्ज्ञाचं किंवा क्ष-किरणतज्ज्ञाचं घ्या, आणि त्याला खरी हकीकत सांगून घ्या. पलंगाची गोष्ट सांगून घेतलेलं मत तुमच्याच गळ्याशी येईल.

मोबाइलचं पटकन सांगते. घरच्या ग्रुपवर त्या दिवशी जे बोलणं झालं ते पुसू नका. पुसलेलं परत मिळू शकतं आणि पुसणं जास्त वाईट दिसतं. नवं काही लिहूही नका. बाळाचा फोटो टाकून ‘न्याय द्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना आवरा. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं मनाई आहे.

आता चार दिवसांनंतरची तारीख. बाल कल्याण समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. ते कोण दोषी हे ठरवत नाहीत, ते काम कोर्टाचं. त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो, हे मूल आज रात्री कुठं सुरक्षित असेल. म्हणून तिथं ‘आम्ही निर्दोष आहोत’ हे दहा वेळा म्हणण्याचा उपयोग नाही. वकील बरोबर न्या, पण तिथलं काम कोर्टासारखं चालत नाही आणि सगळीकडे वकिलाला पुढे बोलू देतातच असं नाही, तेव्हा बोलायची तयारी तुमचीच हवी. या कायद्यात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा पर्याय, अशी तत्त्वं लिहिलेली आहेत. त्यांना ते वापरता येईल असं काहीतरी हातात द्या. एका कागदावर लिहून न्या. पहिले काही आठवडे बाळाला घेऊन तुम्ही माहेरी राहाल का? दिवसभर बाळाजवळ कोण असेल, त्यांचं वय काय, नोकरी काय? प्लास्टर कधी बदलायचं, पुढची तपासणी कधी? लसीकरणाचं कार्ड जोडा. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, तर ‘जिन्यावरून बाळाला त्या एकट्या उचलणार नाहीत’ असंही लिहा. समितीच्या सांगण्यावरून परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल करतील, साधारण पंधरा दिवसांत. ते आले की घर चकाचक करून पाहुण्यासारखी उठबस करू नका, जिना दाखवा. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील आहे, पण पहिल्या तारखेला समितीशी भांडून निघालेली घरं नंतर फार दमतात.

यजमानांना आणि सासूबाईंना बाळापासून तात्पुरतं दूर राहायला सांगितलं, तर ती कबुली ठरत नाही. तेवढं सोसा.

आणि ताई, एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्रात आहे. जिन्याची हकीकत तुम्हाला सासूबाईंनी सांगितली. ती खरी असेल असं मलाही वाटतं. कोपर खरचटलंय ते बहुधा त्यामुळेच. पण तुम्ही ती पाहिलेली नाही. घरात कुणाच्या हाताची, रागाची भीती तुम्हाला याआधी कधी वाटली असेल, बाळाच्या अंगावर कधी न कळणारा वळ दिसला असेल, तर तेही तुमच्या वकिलाला सांगा. सासरच्यांच्या वकिलाला नाही, तुमच्या. तसं काहीच नसेल तर एका वाक्यात तेही सांगून मोकळ्या व्हा. इथे बाळाचं हित आणि तुमचा बचाव एकमेकांच्या विरुद्ध उभे नाहीत. घराची अब्रू मात्र दोघांच्या आड येऊ शकते.

आज संध्याकाळी सासूबाईंजवळ बसा. कायद्याचं काही बोलू नका, तो त्यांचा वकील बोलेल. काय सांगायचं तेही सुचवू नका, नाहीतर ते पुन्हा ‘ठरवणं’ होईल. फक्त ती लांब बाही वर करायला सांगा. ज्या दुखापतीची त्यांना लाज वाटतेय, ती बाळाला घेऊन त्या खरोखर पडल्या याचा आज तुमच्याकडे असलेला एकमेव पुरावा आहे, आणि त्यावर खपली धरून ती चार दिवसांत पडून जाईल. वकिलाला विचारून उद्याच्या उद्या त्यांना डॉक्टरकडे न्या. कोपर, गुडघे, कंबर, सगळं तपासून तारखेसकट लिहून घ्या.